आजींचे महाबळेश्वर : जुना फोटो कसा वाचावा

वाचकहो, हा लेख वाचायला घेण्यापूर्वी एक छोटे काम करा. घरातल्या भिंतीवर, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी एखादा पिवळा पडलेला जुना फोटो असेल, तर तो आठवून पाहा. माणसांचा नव्हे, एखाद्या जागेचा. डोंगर, दरी, घाटातला रस्ता, तलाव. आपल्यासारख्या चार-पाच पिढ्यांपूर्वी मुलूख सोडून आलेल्या घरांत असा एखादा फोटो हमखास असतो आणि त्याच्याविषयी एक गोष्टही असते. फोटो आणि गोष्ट, दोन्ही कशी तपासावी आणि दोन्ही कशी जपावी, हे मला एका फोटोने शिकवले. तेवढेच इथे सांगणार आहे.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इंदुरात पस्तीस वर्षांहून अधिक काळ माझा दवाखाना आहे. जुन्या वस्तीतल्या एका वाड्यात मी घरी जाऊन तपासत असे. तिथल्या आजी तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. त्यांच्या माजघरात, देवघराशेजारी, काळ्या चौकटीत एक मोठा फोटो होता : डोंगराची चढती रांग, उतारावर दाट झाडी, मधूनमधून घरांची छपरे आणि वर कोरे पांढरे आकाश. घराणे मूळचे वाईचे, होळकरांच्या चाकरीत इंदुरास आलेले. फोटो महाबळेश्वरचा, असे घरात सगळे सांगत. गेल्या दोन पिढ्यांत कोणी वाईला गेले नव्हते, पण मुलांना जेवताना तो डोंगर दाखवून “त्याच्या पायथ्याशी आपले गाव” असे सांगायची रीत होती.

वाडा बिल्डरकडे गेला. सामानाची वाटणी झाली. तांब्या-पितळेला वारस निघाले, फोटोला निघाला नाही. आजी म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही नाडी बघताना नेहमी त्याच्याकडे बघत बसता. महाबळेश्वर तुम्हीच न्या.”

मी आणले. नंतर ते महाबळेश्वर नाही असे मला कळले. कसे कळले, ते क्रमाने सांगतो.

आधी नाव ठेवू नये

आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत घेताना डॉक्टरने मध्ये बोलायचे नसते आणि रोगाचे नाव आधीच मनात धरायचे नसते. नाव एकदा धरले, की मग तेवढीच लक्षणे दिसतात. जुन्या फोटोचे तसेच आहे. “हे महाबळेश्वर” असे कानावर पडले होते, म्हणून मीही वीस वर्षे त्यात महाबळेश्वरच पाहत होतो.

या फोटोला दुसरेही एक नाव चिकटले होते : “हा राजा दीनदयाळांचा.” इंदुरात कोणताही जुना फोटो दीनदयाळांचाच समजला जातो, आणि त्याला कारण आहे. लाला दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन घराण्यात जन्मले. रुडकीला स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला आले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे आणि सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ हा किताब त्यांना तिथेच मिळाला. मी जैन आणि इंदूरकर, तेव्हा फोटो त्यांचा निघावा अशी माझी फार इच्छा होती. पण इच्छा हा पुरावा नव्हे.

कागद काय सांगतो

पहिली तपासणी भिंगाने. दहा रुपयांचे भिंगही चालते. फोटोवर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो फोटो नव्हे, छापखान्यातली छपाई आहे. पुस्तकातून किंवा कॅलेंडरातून कापून चौकटीत बसवलेली चित्रे आपल्या घरांत पुष्कळ आहेत. ठिपके नसतील आणि कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, रंग जांभळट तपकिरी असेल, उजळ भाग पिवळसर झाला असेल, पृष्ठभागावर किंचित चकाकी आणि अगदी बारीक भेगा असतील, आणि पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल, तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट असतो.

अल्ब्युमेन म्हणजे अंड्याचा पांढरा बलक. फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार यांनी १८५० मध्ये ही रीत जाहीर केली. मीठ घातलेला बलक पातळ कागदावर पसरायचा, वाळवायचा, मग तो कागद चांदीच्या क्षाराच्या द्रावणावर तरंगवून प्रकाशाला संवेदनशील करायचा. त्यावर काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात ठेवले की चित्र हळूहळू उमटते. पुढची चाळीस वर्षे जगातले बहुतेक फोटो असेच छापले गेले. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात या कागदाचा मोठा धंदा होता. तिथल्या एकट्या एका कारखान्याने १८८८ या एका वर्षात साठ लाखांवर अंडी वापरली.

हे वाचले तेव्हा मला हसू आले. माझ्या आईने उभ्या आयुष्यात घरात अंडे येऊ दिले नाही आणि मी अंड्याच्या बलकाचा कागद कौतुकाने भिंतीवर टांगून बसलो होतो. तरी बरे, पुढच्या काळातले फोटो हाडा-कातड्याच्या जिलेटिनवर आले. जुन्या फोटोंच्या बाबतीत आम्हा जैनांना कुठेच सुटका नाही.

या रीतीत निगेटिव्ह थेट कागदावर ठेवलेली असते. म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. आमचा फोटो साधारण साडेनऊ बाय साडेअकरा इंच, म्हणजे निगेटिव्ह दहा बाय बाराच्या काचेची. तेवढी काच मावेल असा कॅमेरा कोणीतरी डोंगरावर नेला होता.

आकाश कोरे का

आजी म्हणायच्या, “वर धुके आहे. महाबळेश्वरला असतेच.” ते धुके नव्हते.

१८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. कलोडियन हा कापसापासून केलेला, ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला चिकट द्राव. जखमेवर पापुद्रा धरावा म्हणून त्या काळी शल्यवैद्यही तो वापरत. छायाचित्रकार तो काचेवर ओतायचा, काच अंधारात चांदीच्या द्रावणात बुडवायचा, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायचा. सगळे दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर कॅमेऱ्याशेजारी काळोखाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हवेच.

ही काच निळ्या प्रकाशाला फार लवकर आणि हिरव्या-तांबड्याला फार हळू प्रतिसाद देते. झाडी नीट उमटेपर्यंत थांबावे, तर तोवर आकाशावर प्रकाशाचा अतिरेक झालेला असतो. ढग असले तरी पुसले जातात आणि कागदावर आकाश कोरे राहते. हिरवी झाडे मात्र प्रत्यक्षाहून काळी दिसतात. काच काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ उघडी ठेवावी लागे. म्हणून वाहते पाणी दुधासारखे दिसते आणि चालती माणसे नाहीशी होतात. तेव्हा जुन्या फोटोतला रिकामा रस्ता पाहून “त्या काळी किती शांतता होती” असे म्हणू नका. रस्त्यावर गर्दी असेलही. ती थांबली नाही, एवढेच.

झाडे आणि उतार

आता डोंगर पाहू. महाबळेश्वर हे सह्याद्रीचे पठार. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट. खाली काळा कातळ आणि माथ्यावर जांभा. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक बसलेले असल्यामुळे कड्यांवर आडव्या रेघा दिसतात, पायऱ्या घातल्यासारख्या. माथे सपाट. झाडी बुटकी, गोलसर शेंड्यांची : जांभूळ, हिरडा, अंजन.

आमच्या फोटोत सपाट माथा कुठेच नव्हता. कड्यावर आडवी रेघ नव्हती. उतार वरून खालपर्यंत तिरपे, दरी इंग्रजी ‘व्ही’सारखी, घरे एकाच्या डोक्यावर एक. आणि झाडे? भिंगातून पाहिली तेव्हा प्रत्येकाचा शेंडा निमुळता, फांद्या थरांत पसरलेल्या. तो देवदार होता. देवदार पश्चिम हिमालयातला. सह्याद्रीत त्याचे रान नाही.

वीस वर्षे मी जांभळी पाहत होतो, ती जांभळी नव्हतीच.

मग चौकट उघडली. आतल्या पुठ्ठ्याच्या कडेखाली झाकलेल्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरे होती : एक आकडा आणि इंग्रजीत ‘बोर्न’. त्या काळचे व्यावसायिक छायाचित्रकार आपल्या यादीतला क्रमांक निगेटिव्हवरच कोरत किंवा शाईने लिहीत. कोरलेली अक्षरे कागदावर काळी उमटतात, शाईची पांढरी. तुमच्याकडे असा फोटो असेल तर कोपरे आधी पाहा. आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांनी नेमके तेच झाकलेले किंवा कापलेले असतात.

बोर्न म्हणजे सॅम्युएल बोर्न. संग्रहालयांत जपलेल्या त्याच्या छायाचित्रांशी आमचा फोटो ताडून पाहिला. कण्यावरचे चर्च जुळले, उतार जुळला. जागा सिमला होती.

दोन तारखा

बोर्न हा इंग्लंडमधला बँकेतला कारकून. नोकरी सोडून १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि सिमल्यात धंदा मांडला. त्यातूनच पुढे ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही पेढी झाली. त्याने १८६३, १८६४ आणि १८६६ मध्ये हिमालयात तीन मोठ्या सफरी केल्या. १८६६ च्या सफरीत एक डॉक्टर, प्लेफेअर, त्याच्याबरोबर होते. मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर त्याने फोटो घेतले. एवढ्या उंचीवर त्याआधी कोणी फोटो काढला नव्हता. १८७० मध्ये तो कायमचा परत गेला. म्हणजे आमची निगेटिव्ह १८६३ ते १८७० या सात वर्षांतली. दीनदयाळांनी कॅमेरा घेतला तो त्यानंतर. माझा जैन अभिमान तिथे निमूट बसला.

पण इथे एक घोटाळा टाळायला हवा. निगेटिव्हची तारीख आणि कागदाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्न गेला तरी त्याच्या काचा पेढीत राहिल्या आणि पेढी त्यांवरून पुढे कित्येक वर्षे फोटो छापून विकत राहिली. तेव्हा फोटो १८६५ च्या सुमारास घेतलेला असूनही घरात तीस वर्षांनी आलेला असू शकतो. (ही पेढी कलकत्त्यात २०१६ पर्यंत चालू होती. १९९१ च्या आगीत तिचा जुना साठा बराचसा जळाला.)

सिमल्याचा फोटो इंदूरच्या मराठी वाड्यात येण्यात नवल नाही. १८६४ पासून व्हाइसरॉयचे सरकार उन्हाळाभर सिमल्यातून चाले. संस्थानांची कामे तिथे अडत आणि तिथे सुटत. होळकर दरबारच्या माणसाला महाबळेश्वरपेक्षा सिमल्याला जाण्याची कारणे अधिक होती. तिथून परतताना लोक आज शाल आणतात, तसे तेव्हा फोटो आणत.

या फोटोंचा खप एवढा का होता, ते डॉक्टर म्हणून मला चांगले समजते. मैदानातल्या तापांनी गोरा शिपाई आणि त्याची बायकामुले पटापट मरत. ताप दूषित हवेतून येतो, असे वैद्यक तेव्हा मानत होते. हिवताप डासामुळे होतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला सापडला. तोपर्यंत मोठा भर हवापालटावर होता. त्यासाठी डोंगरांवर वसाहती उभ्या राहिल्या. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ मध्ये जॉन माल्कमने महाबळेश्वरची जागा बदलीत घेतली, तीही याच कारणासाठी. म्हणजे डोंगराचा फोटो हा नुसता देखावा नव्हता. तो निरोगी राहण्याच्या आशेचा फोटो होता. वैद्यांचे आणि कॅमेऱ्याचे नाते आपल्याकडेही जुनेच. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते.

फोटोत नसलेली माणसे

बोर्नच्या १८६३ च्या सफरीत सामान वाहायला तीस हमाल होते. काचा, बाटल्या, काळा तंबू, खाणेपिणे, सगळे पाठीवर. त्या डोंगराळ भागात गावकऱ्यांना धरून ओझ्याला लावण्याची वेठ चालत असे. हमाल पळून गेले की बोर्न चिडे. त्यांना काठीच्या धाकाने कसे आणले, हेही त्याने आपल्या लेखांत लपवलेले नाही. देखाव्याला प्रमाण यावे म्हणून तो कधी एखादा माणूस खडकावर बसवी. पण ज्यांच्या पाठीवरून तो फोटो डोंगरावर चढला, त्यांचे नाव फोटोच्या कोपऱ्यात नाही. तिथे ‘बोर्न’ एवढेच आहे. जुना फोटो वाचताना कोपऱ्यातल्या नावाबरोबर या न लिहिलेल्या नावांची आठवण ठेवावी, एवढे मी स्वतःपुरते ठरवले आहे.

माझी चूक आणि चार नियम

आता कबुली. चौकट उघडली तेव्हा उजव्या वरच्या कोपऱ्यावर माशांचे डाग होते. मी कापसाचा बोळा पाण्यात भिजवून हलकेच पुसला. जखम पुसण्याची हाताला सवय. डाग अर्धे गेले, पण रुपयाएवढ्या भागाची चकाकी गेली आणि तिथे भेगांचे जाळे पडले. अंड्याचा थर पाण्याने फुगतो आणि वाळताना तडकतो. ते आता भरून येणार नाही. दीडशे वर्षे, तीन वाडे आणि इतके पावसाळे त्या कागदाने सोसले. त्याचे नुकसान एका डॉक्टरने अर्ध्या मिनिटात केले.

म्हणून नियम सांगतो. पाणी, स्पिरिट, ओला कापूस, काही लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तेही वरवर. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ऊन पडणाऱ्या किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मोबाइलवर फ्लॅश न वापरता त्याची छबी घ्या. पुढची घ्या तशी मागचीही घ्या, कारण मागच्या कागदावर फ्रेमवाल्याची चिठ्ठी, गावाचे नाव, एखादी मोडीतली ओळ सापडते.

आणि शेवटचे : पुठ्ठ्याच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, माहिती लिहून ठेवा. बॉलपेनने नको, त्याचा वळ पुढे उमटतो.

मागे काय लिहावे

इथेच माझी खरी अडचण होती. मागे काय लिहावे? खरे तर ‘सिमला’. पण आजींना सांगावे का? वाडा गेला, सामान गेले. ज्या एका डोंगराकडे बोट दाखवून तीन पिढ्यांना “आपण तिथले” असे सांगितले, तो डोंगरही आपला नव्हे, हे त्या वयात कोणाला सांगून काय मिळवायचे? रोग्याला किती सांगावे, हा प्रश्न आम्हाला रोज पडतो. मी तीन महिने गप्प राहिलो. मग वाटले की त्यांनी ही वस्तू विश्वासाने दिली आहे; तिच्याविषयी त्यांच्यापेक्षा अधिक माहिती मी एकट्याने खिशात ठेवणे बरे नाही.

आजी तेव्हा लेकाकडे, नव्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. मी देवदार दाखवला, कोपरा दाखवला, सगळे सांगितले. त्या बराच वेळ भिंगातून पाहत होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या आजेसासूबाई वाईहून लग्न होऊन आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. घरच्या आठवणीने रडायच्या. म्हणून आजेसासऱ्यांनी हा लावून दिला, असे मी ऐकले आहे. त्या पोरीला सिमला सांगून काय करायचे होते?”

मी विचारले, “मग मागे काय लिहू?”

“दोन्ही लिहा,” त्या म्हणाल्या. “काय आहे ते लिहा. आणि आम्ही काय म्हणायचो तेही लिहा. नाहीतर उद्या पोरे म्हणतील, वाईच्या माणसांच्या घरात सिमला कशाला टांगला होता.”

आता पुठ्ठ्यावर असे लिहिले आहे : “सिमला. छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न, १८६३ ते १८७० मधील. अल्ब्युमेन प्रिंट. घरात हा महाबळेश्वरचा फोटो म्हणून ओळखला जाई; वाईहून आलेल्या नऊ वर्षांच्या सुनेसाठी लावला होता.” खाली एक ओळ माझी : “उजव्या वरच्या कोपऱ्याचे नुकसान डॉक्टरच्या हातून.”

वाचकहो, आपण मुलखाबाहेर राहणारी माणसे. आपल्या घरांतल्या गोष्टी पिढ्यांच्या प्रवासात जरा इकडच्या तिकडे होतात. गोष्ट चुकीची निघाली म्हणून फोटो टाकू नये, आणि फोटो आवडतो म्हणून चुकीची गोष्ट पुढे रेटू नये. घरात गोष्ट सांगणारे माणूस अजून आहे, तोवर त्याच्याजवळ बसा, फोटो त्याच्या हातात द्या आणि विचारा. मग दोन्ही लिहून ठेवा. पेन्सिल मऊ घ्या.